तंटा मिटला, असे कोण म्हणते?

नागपूरहून अमरावतीला जाताना महामार्गावर तळेगाव (श्यामजी पंत) लागते. एसटीचे आगार, पोलीस ठाणे, आष्टी-आर्वीकडे फुटणारे रस्ते, एवढे प्रवाशाच्या नजरेत भरते. रस्ता सोडून आत वळले की संत्र्याचे बगीचे, कपाशी, तूर, सोयाबीन आणि वावरावावरांमधले धुरे. गावातल्या भांडणाचे मूळ शोधत गेले तर ते फार वेळा या धुऱ्यापाशीच सापडते. नांगरणीत एखादे तास पुढे जाते, चार-दोन वर्षांत धुरा हातभर सरकतो, पांदण अरुंद होते, पलीकडच्याची बंडी अडते आणि पेरणीच्या ऐन घाईत दोन सख्खे चुलत भाऊ काठ्या घेऊन समोरासमोर उभे राहतात.

अशा भांडणाला सरकारदरबारी वाटा भरपूर आहेत. रस्ता अडवला तर 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदाराकडे अर्ज करायचा. हद्द ठरवायची तर भूमी अभिलेखकडे मोजणीची फी भरायची. शिवीगाळ झाली तर ठाण्यात अदखलपात्र नोंद, आणि मालकीचाच प्रश्न निघाला तर दिवाणी कोर्ट, जिथे आजोबाने लावलेला दावा नातू चालवतो. यातल्या प्रत्येक पायरीवर भांडण कमी होण्याऐवजी वाढतच जाते. मोजणीवाल्याने ठोकलेला खुंट रात्रीतून उपटला जातो आणि दिवाणीचे प्रकरण फौजदारी होऊन बसते. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम या अनुभवातून आली. तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी 15 ऑगस्ट 2007 पासून ती राज्यभर सुरू केली.

या मोहिमेचा विचार करताना मी मुद्दाम एक लांबचा अभ्यास शेजारी ठेवणार आहे. 1989 ते 1991 या काळात पूर्व युरोप आणि सोव्हिएत संघातल्या कम्युनिस्ट राजवटी कोसळल्या. युगोस्लाव्हिया रक्तबंबाळ झाला, काराबाख, अबखाझिया, चेचन्या, ताजिकिस्तान पेटले. भांडण पेटण्याआधी ओळखावे कसे, थांबवावे कसे, पेटलेच तर विझवावे कसे, यावर गेल्या तीस-पस्तीस वर्षांत त्या देशांच्या निमित्ताने जेवढे संशोधन झाले तेवढे क्वचितच कुठल्या प्रदेशाबद्दल झाले असेल. धुरा आणि देशाची सीमा यांत अंतर फार आहे हे मान्य. पण अभ्यासकांनी विचारलेले प्रश्न गावच्या चावडीवर विचारण्याजोगे आहेत, आणि वर्धा जिल्ह्याला ते परके वाटण्याचे कारण नाही.

या जिल्ह्यातच तर त्या प्रश्नाची एक शाखा वाढली. गांधीजी 1936 मध्ये शेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहायला आले. दंगलीच्या जागी पोलिसांऐवजी निःशस्त्र शांतिसैनिकांनी उभे राहावे ही कल्पना त्यांनी 1938 मध्ये मांडली. महत्त्वाचे म्हणजे शांतिसैनिकाने दंगल झाल्यावर नव्हे, आधीपासून त्या वस्तीत राहून माणसे ओळखीची करून ठेवावीत, ही त्यांची अट होती. विनोबांनी 1957 मध्ये केरळात शांतिसेना उभी केली, नारायण देसाईंनी ती चालवली, 1969 च्या अहमदाबादच्या दंगलीनंतर तिने तिथे काम केले. जयप्रकाश नारायण नागालँडच्या 1964 च्या शांती मंडळात होते आणि त्या वर्षी तिथे शस्त्रसंधी झाली. शांती-संशोधनाचे एक जनक म्हणून ज्यांचे नाव घेतात त्या योहान गाल्टुंग यांनीही उमेदीच्या काळात, 1955 मध्ये, आर्ने नेस यांच्यासोबत गांधींच्या राजकीय नीतीवर पुस्तक लिहिले. ओस्लोची शांती-संशोधन संस्था त्यानंतरची, 1959 ची. नुसती मारामारी थांबणे वेगळे आणि अन्याय हटल्यामुळे आलेली शांतता वेगळी, हा गाल्टुंग यांचा भेद आज पाठ्यपुस्तकात गेला आहे. वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयात गांधी आणि शांती अध्ययनाचा विभाग आहे. तिथून तळेगाव काही फार दूर नाही, पण विभागातले ज्ञान आणि गावातली तंटामुक्त समिती यांची गाठ पडल्याचे ऐकिवात नाही.

आता त्या लांबच्या अभ्यासाकडे. पहिल्या लाटेतल्या लेखकांनी विचारले, युद्धे का झाली? वृत्तपत्रांचे उत्तर सोपे होते: जुनी वैरे, कम्युनिस्टांनी झाकण लावून ठेवली होती, झाकण उडाले. संशोधकांनी हे उत्तर जवळपास एकमताने फेटाळले. बॅरी पोझेन यांनी 1993 मध्ये दाखवले की वरचे राज्य कोसळले की शेजारी शेजाऱ्याला घाबरतो. एकाने बचावासाठी काठी उचलली की दुसऱ्याला ती हल्ल्याची वाटते. जॅक स्नायडर यांचे म्हणणे, मतपेटी आली पण तिला आवरणाऱ्या संस्था आल्या नाहीत, तेव्हा पुढाऱ्यांना द्वेष हेच स्वस्त भांडवल मिळाले. ख्रिस्टोफ झ्युर्खर यांनी 2007 च्या पुस्तकात कॉकेशसमधल्या युद्धांसोबत न झालेली युद्धेही तपासली. हे मला सगळ्यांत मोलाचे वाटते. दागेस्तानमध्ये जमाती डझनावारी, गरिबी तीच, शेजारी चेचन्या जळत होते, तरी तिथे तसे युद्ध झाले नाही. म्हणजे वेगळेपण असणे हे भांडणाचे पुरेसे कारण नव्हे. आपल्याकडे तरी कुठे असते? एकाच कुळातले, एकाच देव्हाऱ्याचे लोक धुऱ्यावर डोकी फोडतात.

दुसऱ्या लाटेने विचारले, कुठे टळले आणि कसे? यातले एक उदाहरण तपशिलात सांगण्याजोगे आहे. एस्टोनियाच्या पूर्व टोकाला रशियाच्या हद्दीला लागून नार्वा नावाचे शहर आहे, वस्ती जवळजवळ सगळी रशियनभाषक. 1993 मध्ये नव्या देशाने परकीयांबद्दलचा कायदा केला आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणारी माणसे एका रात्रीत उपरी ठरण्याच्या बेतात आली. शहराने जुलैमध्ये स्वायत्ततेसाठी सार्वमत पुकारले. राजधानीत ते बंड मानले गेले. सीमेपलीकडे रशियन सैन्य. मोल्दोव्हामध्ये आदल्याच वर्षी अशाच कारणावरून तोफा उडाल्या होत्या. त्या वेळी युरोपच्या सुरक्षा परिषदेने नेमलेले अल्पसंख्याकांचे उच्चायुक्त माक्स व्हान देर स्टूल, हे डच गृहस्थ, राजधानी आणि नार्वा यांच्यात ये-जा करत राहिले. त्यांनी तोडगा असा काढलाच नाही. दोन्हीकडून एकेक शब्द मिळवला. सरकारने सार्वमत बळाने मोडायचे नाही, आणि शहराने न्यायालय जो निकाल देईल तो मानायचा. सार्वमत झाले, न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले, शहराने मानले. राष्ट्राध्यक्षांनी कायदा परत पाठवून त्यात सुधारणाही करून घेतली. कोणी मेले नाही, म्हणून जगाच्या वर्तमानपत्रांतही फारसे काही आले नाही.

या कामाची पद्धत बघावी. व्हान देर स्टूल यांना बक्षीस द्यायचे नव्हते, शिक्षा करायची नव्हती. पत्रकार परिषदा ते टाळत. मंत्र्यांना पत्रे लिहीत, पुन्हा पुन्हा जात. ते पद 1993 पासून 2001 पर्यंत त्यांच्याकडे होते, एवढ्या वर्षांत त्यांचा दरारा कायद्यातून आला नव्हता, ओळखीतून आला होता. टीकाकार म्हणतात, नार्व्यातल्या लोकांना लढण्यापेक्षा एस्टोनियात राहणे परवडणारे होते, पगार पलीकडच्यापेक्षा बरा होता, श्रेय उच्चायुक्तांना देऊ नका. डेव्हिड लेटिन यांचा अभ्यासही साधारण तिकडेच झुकतो: रशियनभाषक आईबाप भांडत बसण्यापेक्षा मुलांना एस्टोनियन शिकवू लागले. माझे मत असे की दोन्ही खरे आहे. पोट भरत असेल तर माणूस थांबतो, पण किती थांबायचे हे सांगायला कोणीतरी मधे लागतोच.

मॅसेडोनियाची गोष्ट उलटी. तिथे युद्ध होण्याआधीच संयुक्त राष्ट्रांचे सैनिक सीमेवर ठेवायचे ठरले, 1992 च्या डिसेंबरात. त्या संघटनेच्या इतिहासातला असा हा पहिला प्रयोग. तो चाललाही. मग 1999 मध्ये मॅसेडोनियाने तैवानला मान्यता दिली, चीन रागावला, मुदतवाढीवर नकाराधिकार वापरला गेला आणि सैनिक परत गेले. दोन वर्षांत, 2001 मध्ये, अल्बेनियन बंड झाले. ऑगस्टमध्ये ओह्रिदचा करार होऊन ते थांबले, भाषा आणि नोकऱ्यांचे जे प्रश्न दहा वर्षे चर्चेत होते तेच त्या करारात आले. पहारा होता तोवर ते सोडवायला वेळ होता. तो वेळ कोणी वापरला नाही.

तिसरी लाट गावात उतरली, आणि इथे तळेगावच्या माणसाने कान टवकारावेत. किरगिझस्तानने 1990 च्या दशकात गावातल्या वडीलधाऱ्यांची, म्हणजे अक्साकालांची, न्यायालये सरकारी मान्यतेने सुरू केली आणि 2002 मध्ये त्यांचा कायदा केला. घरगुती भांडणे, गुरे, जमिनीची हद्द, पाटाचे पाणी हे त्यांचे विषय. शेजारच्या उझबेकिस्तानने मोहल्ल्यांच्या पारंपरिक समित्या शासनाच्या शेवटच्या पायरीला जोडून टाकल्या. दोन्हीकडे कल्पना आपल्यासारखीच: गावातले शहाणे लोक गावातच मिटवतील, कोर्टाचा भार हलका होईल. जुडिथ बायर यांनी किरगिझ खेड्यात राहून लिहिले की ही प्राचीन म्हणवली जाणारी प्रथा बरीचशी नव्यानेच घडवली जात होती, आणि गावकरी ती आपलीच म्हणून वापरतही होते. क्रिस्टीन बिक्सेल यांनी फरगाना खोऱ्यातल्या पाण्याच्या तंट्यांवर 2009 मध्ये पुस्तक केले. परदेशी संस्था येत, दोन गावांच्या वडीलधाऱ्यांना एकत्र बसवत, पाट दुरुस्त करून देत, फोटो निघत. पाणी वरच्या गावाने किती घ्यायचे हा सत्तेचा प्रश्न मात्र जागच्या जागी राही. 2021 च्या एप्रिलमध्ये याच खोऱ्यात पाणी सोडण्याच्या एका ठाण्यावरून किरगिझ आणि ताजिक एकमेकांवर तुटून पडले, आणि सीमेचा अखेरचा करार व्हायला 2025 चा मार्च उजाडला. उझबेकिस्तानातली नोंद अधिक कडू आहे. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून निघालेल्या बाईला मोहल्ला समिती घटस्फोटाच्या वाटेवरून परत पाठवी, घर मोडू नये म्हणून. मानवी हक्क संघटनांनी हे 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत सविस्तर लिहून ठेवले. समितीच्या हिशेबी तो तंटा मिटला होता.

आपल्या मोहिमेकडे या नजरेने बघू. ग्रामसभा समिती निवडते. तिच्यात सरपंच, पोलीस पाटील, तलाठी, ग्रामसेवक, बीट अंमलदार, गावातले मान्यवर, आणि महिलांना जागा. तंटे नोंदवहीत चढतात: दिवाणी, महसुली, फौजदारी, इतर. फौजदारीतले फक्त तडजोडीला कायद्याने मोकळे असलेलेच गुन्हे समितीने हाताळायचे. ॲट्रॉसिटी किंवा बलात्कार यांत समितीने पडायचे नाही. वर्षअखेर गुणांकन होई, आणि पात्र गावाला लोकसंख्येप्रमाणे लाखांत बक्षीस मिळे. पहिल्या काही वर्षांत या बक्षिसाने गावे खरोखर हलली. ठाण्याच्या पायऱ्या झिजवणारी किरकोळ प्रकरणे चावडीत बसून मिटली, सण-मिरवणुका शांततेत गेल्या. विदर्भात एक अनपेक्षित चांगली गोष्ट घडली: घरून विरोध असलेल्या सज्ञान मुलामुलीचे लग्न तंटामुक्त समितीने लावून दिल्याच्या बातम्या नेहमी येऊ लागल्या. आंतरजातीय लग्नालाही त्यामुळे गावाची साक्ष मिळाली. कोर्टाला जे जमत नाही ते इथे पाच पंच आणि दोन हारांत जमले.

पण गुण कशाचे? मिटलेल्या तंट्यांचे. मग वहीत तंटे वाढवायचे आणि मिटवायचे, किंवा मोठा तंटा वहीत येऊच द्यायचा नाही, हे दोन्ही मोह आलेच. न घडलेल्या तंट्याला गुण कसे द्यायचे, हे कोणालाच सुचत नाही. नार्व्याचे श्रेय ठरवताना अभ्यासक अडतात ते याच ठिकाणी. आणि पुढे उत्साह ओसरल्यावर काय राहिले, तर अध्यक्षपद. तंटामुक्त अध्यक्षाच्या निवडीवरून ग्रामसभेत हाणामारी, ही बातमी आता विनोद म्हणूनही जुनी झाली आहे.

दोन समान माणसांच्या भांडणात समिती चांगले काम करते, असा माझा या साऱ्या वाचनावरून झालेला ठाम ग्रह आहे. दोन कास्तकारांचा धुरा, दोन घरांची नाली, बकऱ्या वावरात शिरल्याची नुकसानभरपाई. पक्ष असमान झाले की तीच समिती दुबळ्याला गप्प करण्याचे साधन होऊ शकते. दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्याची तक्रार घेऊन आलेल्या बाईला, दारूबंदी असलेल्या या जिल्ह्यात, समजुतीने घ्या असे सांगणारे पंच वाईट नसतात. त्यांना गाव सांभाळायचे असते. 2006 मध्ये, मोहीम सुरू होण्याच्या आदल्याच वर्षी, भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत एका दलित कुटुंबातली चार माणसे मारली गेली. त्यामागे शेताच्या वाटेचा वाद धुमसत होता. तो धुऱ्याचाच वाद होता, पण दोन्ही बाजू समान नव्हत्या, आणि गाव एका बाजूला होते. पुढे राज्याने जातपंचायतींच्या जुलमाविरुद्ध 2016 चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा केला. पंचांना अधिकार देणारे आणि पंचांना आवरणारे सरकार एकच. दोन्ही गोष्टी लागतात हे खरे, मात्र त्यांचा मेळ कोणी घातलेला नाही.

भिवंडीचा दाखला याहून आशादायक. 1970 आणि 1984 च्या दंगलींनी ते शहर बदनाम होते. 1988 मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या, हिंदू-मुसलमान शेजारी आणि पोलीस शिपाई नियमित बैठकीला बसू लागले, नळ-गटार-गणपती काहीही विषय घेऊन. 1992-93 मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. आशुतोष वार्ष्णेय यांच्या 2002 च्या गाजलेल्या पुस्तकाचा सिद्धान्त, दोन्ही समाजांचे लोक ज्या शहरात एकत्र संघटनांत असतात तिथे दंगल टळते, याला भिवंडीने पुरावा दिला. स्टीव्हन विल्किन्सन मात्र म्हणतात, सरकारला मतांसाठी दंगल नको असेल तरच पोलीस ती थांबवतात. पॉल ब्रास तर दंगल घडवणारी कायमची यंत्रणाच असते असे म्हणत. जोलदोन कुतमानालियेव यांनी किरगिझस्तानच्या ओश शहरातली 2010 ची दंगल गल्लीगल्लीने तपासली. शेकडो माणसे मेली त्या शहरातही काही वस्त्यांत म्होरक्यांनी पलीकडच्या वस्तीशी बोलणी करून आपापली पोरे आवरली आणि त्या वस्त्या वाचल्या. ज्यांचा आपल्याच पोरांवर वचक नव्हता त्यांचे करार टिकले नाहीत. गांधींची अट आठवते: माणसे आधी ओळखीची हवीत.

गोठलेल्या तंट्यांबद्दल थोडक्यात. काराबाखमध्ये 1994 ला शस्त्रसंधी झाली, वाटाघाटींचा गट 1992 पासूनच होता. तीस वर्षे बैठका चालल्या. 2020 च्या युद्धाने आणि 2023 च्या सप्टेंबरमधल्या हल्ल्याने तो प्रश्न बळाने निकालात निघाला आणि लाखाहून अधिक आर्मेनियन घरदार सोडून गेले. पडून राहिलेला तंटा म्हणजे थंड झालेला तंटा नव्हे. बेळगावचा प्रश्न महाजन आयोगाच्या 1967 च्या अहवालापासून लोंबकळत आहे आणि 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. 2022 च्या डिसेंबरात गाड्यांवर दगड पडले तेव्हा पुन्हा सगळ्यांना त्याची आठवण झाली.

आणि तंटामुक्तीच्या वहीत ज्याला रकानाच नाही असा एक तंटा आष्टी तालुक्याच्या दारात आहे. अप्पर वर्धा धरणाने वर्धा नदीच्या दोन्ही तीरांवरची शेते आणि गावे घेतली. मोबदला, नोकऱ्या, पुनर्वसन यांवरची गाऱ्हाणी दुसऱ्या पिढीत गेली. मोर्शीला महिनोन्‌महिने धरणे देऊन 2023 च्या ऑगस्टमध्ये प्रकल्पग्रस्तांनी मुंबईत मंत्रालयातल्या संरक्षक जाळीवर उड्या मारल्या, तेव्हा कुठे तो राज्याला दिसला. इथे एक पक्ष शासन आहे. तलाठी, बीट अंमलदार आणि सरपंच बसलेली समिती हा तंटा कशी मिटवणार? सोव्हिएतोत्तर देशांतल्या संशोधनाचाही सर्वांत मोठा अडसर हाच ठरला. चेचन्यात किंवा क्रिमियात जिथे मोठे राज्यच एक बाजू होते, तिथे मध्यस्थाला दार क्वचितच उघडले गेले. आष्टीने हे 16 ऑगस्ट 1942 ला अनुभवले आहे. त्या दिवशी लोक पोलीस ठाण्यावर चालून गेले, गोळीबार झाला, दोन्हीकडची माणसे मेली. मधे बोलणारे कोणी उरले नव्हते, नेते सगळे तुरुंगात होते.

ताजिकिस्तानने यावर एक उपाय दाखवला. तिथे यादवी चालू असतानाच, 1993 पासून, दोन्ही बाजूंची जाणती माणसे अमेरिकन आणि रशियन मध्यस्थांसमोर अनौपचारिक बैठकांना बसू लागली. सरकारी बोलणी नंतर सुरू झाली, 1997 मध्ये करार झाला, पण करारानंतरही त्या बैठका थांबल्या नाहीत. अप्पर वर्धेसाठी असे काही का होऊ नये, हा प्रश्न मला रास्त वाटतो. जिल्ह्यात शांती अध्ययनाचा विभाग आहे, सेवाग्राम-पवनारला माणसे आहेत, आणि दोन जिल्ह्यांतल्या प्रकल्पग्रस्तांना एकत्र बसवून वर्षभर नियमित बोलणी चालवायला कुठलीही नवी योजना लागत नाही.

मोहीम मोडीत काढावी असे मी म्हणणार नाही. तिची वही बदलावी एवढेच मागणे आहे. तंटा मिटल्याची सही झाली की नोंद संपू नये. वर्षाने दोन्ही पक्षांना, वेगवेगळे बसवून, विचारले जावे की वाट चालू आहे का, पाणी मिळते का, मारहाण थांबली का, आणि ते उत्तर वहीत चढावे. बाईची तक्रार असेल तर ती विचारणा बाईनेच करावी. तळेगाव असो की आष्टी की कारंजा, येत्या ग्रामसभेत तंटामुक्त अध्यक्ष कोण यावर हात वर करण्याआधी मागच्या वर्षीचे मिटलेले तंटे वाचून दाखवायला सांगा, आणि त्यातले किती आजही मिटलेले आहेत ते त्या पक्षकारांच्याच तोंडून ऐका.